परका मासा कोणता? गोंदियाच्या तलावांमधला एक वाद

नदी-तलावांत बाहेरून आलेल्या माशांचं काय करायचं, हा प्रश्न आज जगभर वादाचा झालेला आहे. ऑस्ट्रेलियात कार्प माशांनी मरे-डार्लिंग नद्यांचं खोरं व्यापलं. २०१६ साली तिथल्या सरकारने या माशांवर एक विषाणू सोडण्याच्या योजनेसाठी पैसा जाहीर केला, आणि तो सोडावा की नाही यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झडत राहिला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात गेल्या शतकाच्या मध्याला नाइल पर्च नावाचा मोठा मासा सोडला गेला. त्याने स्थानिक माशांच्या कितीतरी जाती संपवल्या, पण त्याच माशाच्या निर्यातीवर हजारो कुटुंबांची चूलही पेटू लागली. म्हणजे प्रश्न सरळ नाही. आज आपण तो आपल्याच मुलखात, गोंदिया जिल्ह्यात, तपासून पाहू.

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. तलाव मात्र शतकांपूर्वीचे. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं जुनं गॅझेटियर सांगतं. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून देवपण दिलं. तलाव बांधणाऱ्याचा देव होतो, यावरून पाण्याची किंमत कळावी. कोहळ्यांनी बांध घातले, धानाला पाणी मिळालं, आणि त्या पाण्यातली मासेमारी ढिवरांकडे राहिली. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारी गेली तरी नाव राहिलं: माजी मालगुजारी तलाव, बोलीत ‘मामा तलाव’.

मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा. तलाव सरकारजमा झाले. निस्तारपत्रकात गावाचे हक्क नोंदलेले होते, पण तलावाची देखभाल आता दूरच्या खात्याकडे गेली. आणि नेमक्या याच दशकात देशाच्या मत्स्यधोरणाने मोठं वळण घेतलं. या दोन गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय आजचा वाद समजत नाही.

वळण कोणतं? देश अन्नटंचाईत होता. स्वस्त प्रथिनं हवी होती. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, १९३९ सालीच निलगिरीत आणलेला होता; त्याचा दुसरा वाण १९५७ मध्ये आला. १९५२ मध्ये तिलापिया आला. १९५९ मध्ये गवत्या आणि चंदेरा, म्हणजे ग्रास कार्प आणि सिल्व्हर कार्प, आले. आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाची टोचणी देऊन कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. त्या अडचणीवर हा तोडगा होता. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं, आणि तलाव हे बोटुकली सोडून वाढवण्याचं शेत झालं. हे करणारी माणसं दुष्ट नव्हती बरं का. त्यांच्यासमोर भूक होती, आणि भुकेला त्यांनी दिलेलं उत्तर खरंच उपयोगी पडलं.

आता आपण शब्दांकडे वळू, कारण वाद बराचसा तिथे अडकतो. ‘परका’ हा शब्द मूळ सांगतो, ‘उपद्रवी’ हा शब्द वर्तन सांगतो. आपण दोन्ही एकच समजतो. कटला-रोहू मुळात उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. म्हणजे वैनगंगेच्या तलावात तेही पाहुणेच. पण ते तिथे आपोआप वाढत नाहीत. बीज टाकणं थांबलं की थांबतात. तिलापियाचं तसं नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते, साध्या डबक्यातही पिढ्यामागून पिढ्या वाढतात. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो, पाणी गढूळ करतो. गवत्या पाणवनस्पती खाऊन टाकतो, आणि त्या वनस्पतींत ज्या छोट्या माशांची अंडी-पिल्लं राहतात त्यांचा आसरा जातो. तेव्हा मासा कुठून आला हे विचारून भागत नाही. तो इथे काय करतो आणि त्याचं नुकसान कोण सोसतं, हेही विचारावं लागतं.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. तिलापियाचा प्रसार थांबवावा असं १९५९ मध्येच ठरलं होतं. पण मासा फायली वाचत नाही. आज भीमेवरच्या उजनी जलाशयात ‘चिलापी’ हे मच्छीमारांचं रोजचं नाव आहे, आणि तिच्यावर त्यांची पोटं चालतात. तिथे उद्या कुणी ‘परका मासा हटाव’ म्हणालं तर पहिला दगड कुणाच्या घरावर पडेल, याचा विचार आपण करायला हवा.

दुसरं उदाहरण मांगूरचं. आफ्रिकन मांगूर, बाजारातला ‘थाई मांगूर’, यावर केंद्राने २००० साली बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक आदेश दिल्यावर महाराष्ट्रात तळी शोधून टनावारी मासे नष्ट केले गेले. गंमत अशी की आपल्या तलावांतला देशी मांगूरही मांगूरच, आणि तो स्वतः आज संकटग्रस्त यादीत आहे. एकाच नावाचे दोन मासे, एकावर बंदी, दुसऱ्याला संरक्षणाची गरज. आणि दुसरीकडे आरोग्य खातं डासांसाठी गप्पी मासे वाटतं, ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. एक खातं परक्या माशाला पकडतं, दुसरं सोडतं. हा विनोद नाही. पाण्याकडे एक विषय म्हणून पाहणारं कुणीच नाही, याचा हा पुरावा आहे.

आता गोंदियाचा खुद्द वाद. तलावातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळते. ठेक्याची रक्कम भरायची तर उत्पन्न हवं, उत्पन्नासाठी बोटुकली हवी, बोटुकलीसाठी बीज दरवर्षी विकत हवं. संस्थेचा हिशेब असा बांधलेला असतो. एका बाजूचं म्हणणं: कार्प नसतील तर ढिवरांचं घर कसं चालेल? दुसऱ्या बाजूचं म्हणणं: पहिल्या पावसात चढणीला लागणारे, धानाच्या बांध्यांत शिरून अंडी घालणारे देशी मासे फुकट मिळत होते. मरळ, शिंगी, वाम, झिंगे यांना कुणी बीज विकत घेत नव्हतं. बाजारात मरळीला भाव आहे, आणि बारीक मासळीच गरिबाच्या ताटात येते, वाळवून ठेवता येते. दोन्ही बाजू पोटाचीच भाषा बोलत आहेत, हे आपण नीट ऐकलं पाहिजे.

या वादात अर्जुनी मोरगाव परिसरात एक तिसरी वाट निघाली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे मनीष राजनकर यांनी ढिवर संस्था आणि गावातल्या बायांना बरोबर घेऊन तलावांचं काम हाती घेतलं. सुरुवात माशांपासून झालीच नाही. तलावात माजलेलं बेशरम उपटायचं. उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळाची जमीन नांगरायची. तिथे देशी पाणवनस्पती लावायच्या, आणि त्या खाणारे मासे सोडायचे नाहीत. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर, कोणत्या माशाला तिचा आसरा, हे ज्ञान ढिवरांकडे होतंच. कुणी विचारलं नव्हतं. आसरा परत आला तसे देशी मासे परतू लागले, आणि त्यांच्या मागे पक्षीही.

यातून आम्हाला दिसतं ते असं. बंदीचा कायदा मासा येण्याआधी, सीमेवर उपयोगी. पाण्यात सुटल्यावर तो हतबल होतो. पाण्यातल्या माशावर ताबा राहतो तो पाण्याच्या घडणीतून, आणि ती घडण रोज पाहणारं माणूस काठावर असेल तरच. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये जलाशयातल्या माशांचा स्पष्ट उल्लेख आहे. गोंदियासारख्या जंगल-तलावांच्या जिल्ह्यात ही तरतूद कागदावरची ओळ न राहता वापरात आली, तर तलावात काय सोडायचं याचा निर्णय काठावरची माणसं घेऊ शकतील. आज ठेक्याची अट, बीजाचा पुरवठा आणि योजनेचं उद्दिष्ट मिळून तो निर्णय आधीच घेऊन ठेवतात.

तेव्हा ठेक्याची रक्कम ठरवताना देशी मासळी राखणाऱ्या संस्थेला सवलत द्यायची की नाही, बीजाचं अनुदान कोणत्या माशांना द्यायचं, तलाव भरण्याच्या आधी गाळात काय लावायचं हे कुणी ठरवायचं, हे प्रश्न ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत विचारायचे आहेत. माशाचं मूळ शोधण्यात आपण खूप वेळ घालवला. आता काठावरच्या माणसाचा हक्क शोधू.