पार्कव्हिलमधलं उबदार कपाट

कोट काढा. मेलबर्नमध्ये जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, त्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय. सत्तरचं दशक नुकतंच उजाडलंय. रॉयल परेडवरून खडखडत गेलेल्या ट्रामची घंटा अजून कानात आहे, आणि तुम्ही पार्कव्हिल भागात रॉयल मेलबर्न हॉस्पिटलला खेटून असलेल्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये शिरताय.

आधी नाकच सांगेल कुठे आलात ते. उंदरांचा उग्र दर्प, त्यावर स्पिरिटचा झोत आणि मधूनच... हो, लघवीच. बाटल्याच्या बाटल्या, माणसांची! तोंड वाकडं करू नका, फार मोलाचा माल आहे. त्यात असं काहीतरी आहे, की ज्याच्या स्पर्शाने उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी भराभर वाढू लागतात. काय ते अजून कुणालाच नीट हाती लागलेलं नाही. तोवर गाळा, आटवा, पुन्हा गाळा.

आत या. बर्नर भगभगतायत, पाठीवर घामाचे ओघळ. पंखा मागू नका. हवेतून बुरशीचा एक कण डिशमध्ये पडला, तर दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात. फ्लास्कमध्ये अगर उकळतोय. पुडिंगात घालतो तो चायना ग्रास, तोच हा. काही वर्षांपूर्वी याच शहरात रे ब्रॅडली यांना या अगरमध्ये उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी वाढवायच्या होत्या. उगवल्या भलत्याच, मज्जेतल्या. या इन्स्टिट्यूटमधल्या डॉनल्ड मेटकाफ यांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून त्यांनी या डिश सोडलेल्या नाहीत.

आता माणसाची पाळी. आणि माणसाच्या पेशींचे नखरे बघा! माणसाच्या लघवीवर उंदराच्या पेशी खूश, माणसाच्या स्वतःच्या मात्र नाक मुरडतात. त्यावर बेव्हर्ली पाइक आणि विल्यम रॉबिन्सन यांनी तोड काढलीय: खाली माणसाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा थर, वर मज्जा.

मज्जा आली! शेजारच्या हॉस्पिटलमधून, हाडात सुई घालून ओढलेली, गडद लाल. आता बोलणं बंद. पिपेट तोंडात धरा आणि ओढा. दचकताय कशाला, इथे सगळे तोंडानेच ओढतात, म्हणून तर वरच्या टोकाला कापूस आहे. अगर फार गरम असला तर पेशी मरतील, रेंगाळलात तर हातातच गोठेल. मिसळा, ओता, डिश अलगद फिरवा, पुढची घ्या. खांदे भरून येतील, येऊ द्या.

मग सगळ्या डिश 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार कपाटात. दार उघडताच दमट, किंचित गोडसर वाफ चष्म्यावर बसते. आता दोनेक आठवडे काही करायचं नाही. मला विचाराल तर सगळ्यात अवघड काम हेच.

झाले दिवस? बसा मायक्रोस्कोपवर. मेटकाफ स्वतः तासन्‌तास असेच बसून मोजतात, तेव्हा मान दुखल्याची तक्रार इथे चालायची नाही. अंधुक गुलाबी आणि मग एकदम ठिपक्यांचा पुंजका! एकाच पेशीपासून झालेली ही सगळी प्रजा: जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज आणि ग्रॅन्युलोसाइट पेशी, शरीराचं घरचं सैन्य. अगरमुळे त्यांना पांगता येत नाही, म्हणून प्रत्येक घराणं आपल्या जागी. चाळीसहून जास्त पेशी असतील तर वसाहत म्हणून मोजा, कमी असतील तर नुसता घोळका.

आता ही डिश घ्या. तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णाची मज्जा. डोळे चोळू नका, दिसतंय तेच खरं आहे. मोठ्या वसाहती जवळजवळ नाहीतच, सगळीकडे किरकोळ घोळके. आणि खरी चकित करणारी गोष्ट पुढे आहे. पेशींना वाढायला लावणारं उत्तेजक द्रव्य नसेल, तर या डिशमध्ये या कर्करोगी पेशीही वाढत नाहीत. ज्यांना आपण पूर्ण बेलगाम समजत होतो, त्यांनाही बाहेरचा इशारा लागतो! माझ्या मते या खोलीतला सगळ्यात मोठा शोध हाच.

निघायचं? हात धुवा आणि कोट विसरू नका. आजच्या काळात परत आल्यावर एखाद्या कर्करोग रुग्णाची फाइल चाळून बघा. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की जी-सी-एस-एफचं, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट वाढवणाऱ्या द्रव्याचं, इंजेक्शन देतात. ते द्रव्य पुढे अशाच डिशमधल्या वसाहती मोजून सापडलं.