तागालोगची तोंडओळख : ‘तुतोंग’ म्हणजे आपली खरवड

करमाळा : ज्वारीच्या या तालुक्यात कोवळ्या दाण्याला हुरडा, पक्क्याला ज्वारी आणि वाळलेल्या ताटांना कडबा म्हणतात. रूप पालटले की नावही पालटते. फिलिपिन्समधील तागालोग भाषेत हा मान तांदळाला आहे. शेतातली साळ ‘पालाय’, तांदूळ ‘बिगास’, शिजलेला भात ‘कानिन’, शिळा भात ‘बाहाव’ आणि भांड्याच्या बुडाशी लागलेली खरवड ‘तुतोंग’.

वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपिन्सला जाणारे विद्यार्थी आणि जहाजांवर फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत काम करणारे खलाशी यांचा या भाषेशी नित्य संबंध येतो. वर्गातले शिक्षण इंग्रजीतून होते. परंतु खाटेवरचा रुग्ण आपले दुखणे इंग्रजीत सांगेलच असे नाही. ‘साआन पो मासाकित?’ (कुठे दुखते?) हे तीन शब्द तेथे मोलाचे ठरतात. मात्र दावाओ शहरात बिसाया भाषा अधिक चालते, हे ध्यानात ठेवावे.

आदर आणि नाती : वरील प्रश्नातील ‘पो’ हा आदरार्थी शब्द आहे. वडीलधाऱ्यांना ‘तू’ऐवजी अनेकवचनी ‘कायो’ म्हणतात, जसे आपले ‘तुम्ही’. अनोळखी चालकाला ‘कूया’ (दादा), विक्रेतीला ‘आते’ (ताई) म्हणण्याची रीत आहे. ‘जेवण झाले का?’ ही विचारपूस तेथेही चालते : ‘कुमाइन ना पो बा कायो?’

आपण आणि आम्ही : ऐकणाऱ्यास धरून ‘तायो’, वगळून ‘कामी’. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द असल्याने इंग्रजीमार्गे शिकणारा येथे अडखळतो. मराठी माणसाला हा भेद उपजतच ठाऊक असतो.

संस्कृतचे ऋण : ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘आसा’ आशा, ‘साक्सी’ साक्षीदार. लागुना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेल्या ताम्रपटावर शके ८२२ (इ. स. ९००), वैशाख अशी आपल्या पंचांगातील कालगणना असून त्याचा विषय ऋणमुक्ती आहे. तथापि ओळखीचे शब्द फसवतात. ‘सिंता’ म्हणजे चिंता नव्हे, प्रिय व्यक्ती. ‘दुखा’ म्हणजे दरिद्री. आणि ‘दिवा’ म्हणजे चैतन्य.

वाक्प्रचार : ‘माकापाल आंग मुखा’, शब्दशः ‘मुख जाड’, म्हणजे निर्लज्ज. चटकन दुखावणारा तो ‘बालात-सिबुयास’, कांद्याच्या सालीचा. गिऱ्हाईक नसलेला दुकानदार आपल्याकडे माशा मारतो. तेथील दुकान ‘निलालांगाव’, म्हणजे माशांनी घेरलेले असते. ‘उतांग ना लोओब’ म्हणजे अंतरीचे ऋण. ते पैशाने फिटत नाही.

उच्चारातील आघातही सांभाळावा लागतो. ‘बुकास’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास ‘उद्या’, दुसऱ्यावर दिल्यास ‘उघडे’. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्यास हा फरक कळलेला बरा. नवशिक्याने वाक्य इंग्रजीत न जुळवता आधी मराठीत मनात मांडावे. ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि ‘दादा’ आपापल्या जागी आपोआप बसतात.