थरांतला दोष: ओझरच्या विमानांपासून उष्णतेच्या चित्रापर्यंत

पिंपळगाव बसवंतहून नाशिककडे जाताना आग्रा रस्त्यावर ओझर लागते. निफाड तालुक्याच्या या द्राक्षपट्ट्यात लढाऊ विमानांचा कारखाना आला तो सोव्हिएत संघाशी झालेल्या मिग-21 च्या करारामुळे. कामाची वाटणी तीन ठिकाणी झाली: विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. त्या वेळचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण 1963 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. त्याच वर्षी या कामासाठी एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी स्थापन झाली. 1 ऑक्टोबर 1964 रोजी ती हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये मिळवून हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, उभी राहिली. परिसरात मात्र ‘ओझर मिग’ हेच नाव रुळले.

मिग-21 हे धातूचे विमान. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, पोलादी सांधे आणि हजारो रिव्हेट. अशा विमानाला खरा धोका असतो तो धातूच्या थकव्यातून पडणाऱ्या भेगेचा. ती बहुधा एखाद्या भोकाच्या कडेला किंवा पृष्ठभागावर सुरू होते आणि उड्डाणागणिक वाढत जाते. तपासणीची सगळी विद्या त्यामुळे भेगेभोवती घडली. रंगद्रव भेगेत मुरवून तिची रेघ उमटवायची, पोलादावर चुंबकीय भुकटी पसरायची, पत्र्यात विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण करून त्यांतला अडथळा मोजायचा, खोलवरच्या भागांसाठी क्ष-किरण वापरायचे. कारखान्यांच्या भाषेत ही सारी ‘एनडीटी’: वस्तू न मोडता तिची परीक्षा.

तंतूंच्या पदार्थाने, म्हणजे कंपोझिटने, या विद्येचा पायाच बदलला. विमानात तो आधी काचतंतूच्या रूपाने, मुख्यतः रडारच्या आवरणापुरता आला, कारण धातूतून रडारच्या लहरी जात नाहीत. पुढे कार्बन तंतू आले आणि पंख, शेपटी, झडपा त्यांच्याच होऊ लागल्या. कार्बनचा एकेक थर मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाइतका पातळ असतो. राळेत भिजवलेले असे कित्येक थर निरनिराळ्या दिशांनी एकावर एक रचून दाबाच्या भट्टीत भाजले जातात. दोन थरांमध्ये हवा अडकली, संरक्षक कागदाचा तुकडा राहून गेला किंवा तयार भागावर पुढे हातातले अवजार पडले, की आतले थर सुटतात. वरून काहीच दिसत नाही. क्ष-किरणांनाही ते सहसा सापडत नाही, कारण सुटलेल्या थरांमधली फट इतकी पातळ असते की आरपार जाणाऱ्या किरणांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

अशा वेळी पहिली मदत झाली ती कानाची. नाण्याने किंवा हलक्या हातोडीने पृष्ठभाग ठोकत जायचे. माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात तसेच हे: अखंड जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. ही पद्धत आजही टिकून आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ती पातळ भागापुरतीच चालते, ऐकणाऱ्याच्या सरावावर अवलंबून राहते आणि मागे कसली नोंद ठेवत नाही.

उष्णतेची पद्धत याच अडचणीतून मोलाची ठरली. विल्यम हर्शेल याने 1800 मध्ये अवरक्त किरण शोधले; ते टिपणारे कॅमेरे मात्र विसाव्या शतकात, बव्हंशी लष्करी गरजेतून घडले. ब्रिटनमधील हार्वेल येथे मिल्न आणि रेनॉल्ड्स यांनी 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात कंपोझिटवर प्रखर दिव्याचा क्षणिक झोत टाकून उष्णतेचे चित्रीकरण केले. झोताची उष्णता पृष्ठभागावरून आत झिरपते. आत हवेची फट असेल तर ती तिथे अडते आणि वरचा भाग शेजारपेक्षा काही काळ गरम राहतो. हा फरक अंशाच्या लहानशा भागाइतका असला तरी कॅमेरा तो टिपतो.

कार्बन कंपोझिटमध्ये थरांच्या आरपार उष्णता फार सावकाश जाते, आणि हाच संथपणा इथे उपयोगी पडतो. ॲल्युमिनियममध्ये ती शंभराहून अधिक पट वेगाने पसरते, त्यामुळे चित्र उमटते न उमटते तोच पुसले जाते. लागणारा वेळ खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो: एक मिलिमीटरवरचा दोष दोनेक सेकंदांत दिसतो, तर चार मिलिमीटरवरच्या दोषाला सोळापट वेळ, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून अधिक लागतो. तोवर कडेकडेने पसरलेल्या उष्णतेने चित्र धूसर झालेले असते. म्हणून दोषाची रुंदी त्याच्या खोलीच्या निदान दुप्पट असावी, असा ठोकताळा आहे. खोल दोषांसाठी जर्मनीत बुसे यांनी तालबद्ध तापवण्याची पद्धत विकसित केली. दिल्लीच्या आयआयटीत रविबाबू मुलवीसला आणि सुनीत तुली यांनी 2006 मध्ये तापवण्याची वारंवारता सतत बदलत नेण्याची पद्धत मांडली. तिच्यात प्रचंड ताकदीचा झोत लागत नाही आणि निरनिराळ्या खोलीचे दोष एकाच फेरीत तपासता येतात.

या तपासणीची निकड दुर्घटनांनी अधोरेखित केली. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कल्पना चावला यांच्यासह सात जणांना घेऊन परतणारे कोलंबिया यान नष्ट झाले. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा आदळून डाव्या पंखाची कार्बन-कार्बन कड फुटली होती. त्यानंतर नासाने अशा कडांच्या तपासणीत उष्णतेच्या चित्रणाचा वापर केला आणि 2006 मध्ये अवरक्त कॅमेरा अंतराळवीरांच्या हाती देऊन यानाबाहेरही वापरून पाहिला.

ओझरचा कारखाना या काळात मिग-27 आणि सुखोई-30 वर पोहोचला होता. पण दोन्ही मुख्यतः धातूचीच विमाने. मोठा बदल आला तो तेजस या लढाऊ विमानामुळे. त्याच्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे 45 टक्के भाग आणि बाह्य पृष्ठभागाचा जवळजवळ 90 टक्के भाग कंपोझिटचा आहे. 17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकच्या नव्या उत्पादन साखळीतल्या पहिल्या तेजस मार्क-1ए विमानाने ओझरहून उड्डाण केले. या साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे.

विमान उद्योगात कंपोझिटच्या तपासणीचा मुख्य भार अजूनही अल्ट्रासॉनिक लहरींवर आहे. जाड भागांत त्यांना पर्याय नाही. उष्णतेच्या चित्राचे बळ वेगळे: भागाला हात न लावता मोठा पृष्ठभाग झपाट्याने पाहता येतो, आणि मधपोळ्यासारख्या गाभ्यात शिरलेले पाणीही दिसते, कारण उंचावरून उतरल्यावर ते भोवतालपेक्षा उशिरा तापते. एक दोष मात्र दोन्हींना चकवू शकतो. थर एकमेकांना घट्ट टेकलेले असतात पण नीट चिकटलेले नसतात. फट नसल्यामुळे उष्णता आणि लहरी दोन्ही सहज पार होतात. यावर अजून खात्रीचा उपाय नाही. म्हणून महत्त्वाच्या भागांसोबत त्याच मालाची, त्याच भट्टीत भाजलेली नमुना पट्टी तयार करतात आणि ती मोडून तिची ताकद मोजतात.