१८५५ चा फोटोग्राफीचा वर्ग आणि हरिश्चंद्र चिंतामण (थ्रेड)

१ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून, आजच्या मुंब्रा-दिव्याच्या परिसरातून कल्याणला पोहोचली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये एक नवा वर्ग भरू लागला. विषय होता छायाचित्रण. आज दिव्याहून लोकलने कॅमेरा शिकायला जाणाऱ्या मुलाला घरचे जो प्रश्न विचारतात, तोच या वर्गातील विद्यार्थ्यांपुढेही होता : याने पोट भरेल का?

सरकारचा हेतू मात्र वेगळा होता. ईस्ट इंडिया कंपनीला लेणी, देवळे आणि शिलालेख यांच्या नोंदी हव्या होत्या. चित्रकाराकडून त्या करून घेण्यात वेळ व पैसा फार जाई. कॅमेऱ्याचे काम स्वस्त आणि बिनचूक. ही कामे करू शकणारी माणसे इथेच तयार व्हावीत, म्हणून हे शिक्षण. शिक्षक होते डब्ल्यू. एच. एस. क्रॉफर्ड.

शिकायचे ते सोपे नव्हते. त्या काळी नव्यानेच आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावण पसरायचे, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुऊन काढायची. या साऱ्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. मुंबईच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. बोटे काळी पडत, ती वेगळीच.

१८५४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीत हौशी मंडळी होतीच. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक नामवंत. परंतु त्यांचा चरितार्थ वैद्यकीवर चाले. केवळ कॅमेऱ्यावर जगण्याचे धाडस केले ते क्रॉफर्ड यांच्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी. क्रॉफर्ड गेले आणि वर्ग अल्पावधीतच बंद पडला. विद्यार्थ्याचा स्टुडिओ मात्र १८५८ च्या सुमारास उभा राहिला आणि दोन दशकांहून अधिक काळ चालला. जागा रॅम्पार्ट रो, म्हणजे काळा घोड्याजवळचा आजचा के. दुभाष मार्ग.

येथे सरकारचा हिशेब चुकला, असेच म्हणावे लागेल. लेण्यांसाठी घडवलेला हात व्यक्तिचित्रांकडे वळला, कारण पैसा तिथे होता. शेठ, वकील, संस्थानिक, सर्वांनाच आता आपला चेहरा कागदावर हवा होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हरिश्चंद्रांची छायाचित्रे मांडली गेली.

आणि चेहरे टिपणाऱ्याला मोठ्या माणसांच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळतो. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे राजकीय प्रतिनिधी म्हणून हरिश्चंद्र लंडनला गेले. १८७४ मध्ये तिथे त्यांचे भगवद्गीतेवरील इंग्रजी भाष्य प्रसिद्ध झाले. परतल्यावर ते मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष झाले आणि न्यूयॉर्कच्या थिऑसॉफिकल सोसायटीशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी कर्नल ऑल्कट आणि मॅडम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरले. हरिश्चंद्रांनी त्यांना गिरगावात घर दिले, जंगी स्वागत केले. थोड्याच दिवसांत पाहुण्यांच्या हाती बिल पडले! ऑल्कट यांच्या आठवणींनुसार त्यात घरभाडे, जेवण, दुरुस्ती तर होतीच. शिवाय स्वागतसमारंभातील ३०० खुर्च्यांचे भाडे आणि ‘लवकर या’ म्हणून केलेल्या तारेचा खर्चही होता. आर्य समाजासाठी अमेरिकेहून पाठवलेले सहाशेहून अधिक रुपये समाजापर्यंत पोहोचलेच नव्हते, असाही आरोप झाला. ती रक्कम त्यांना परत करावी लागली आणि अध्यक्षपदही गेले. ही बाजू एकट्या ऑल्कट यांची आहे, आणि ते दुखावलेले होते, हे ध्यानात घेतलेले बरे.

पुढे हरिश्चंद्र पुन्हा इंग्लंडला निघून गेले. १८८० च्या दशकाच्या आरंभी रॅम्पार्ट रोवरचा त्यांचा व्यवसायही थांबला. तोवर मुंबईत कोरड्या काचा येऊ लागल्या होत्या. बोटे काळी करणारी ती दहा मिनिटांची धावपळ नव्या मुलांना शिकावी लागणार नव्हती.