मंद वाऱ्यानं तुटणाऱ्या तारा

वादळात विजेची तार तुटली, ही बातमी आपण नेहमीच ऐकतो. पण मंद झुळकेनं तार तुटते म्हटलं तर? आजची गोष्ट तीच, आणि ती सुरू होते एका सुरापासून.

वाऱ्यात ताणलेली तार गुणगुणते. (हाय-टेन्शन लाइनखाली ऐकू येते ती विजेची चरचर वेगळी बरं का.) १८७८ साली व्हिन्सेंट्स स्ट्रौहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञानं हा सूर मोजायला घेतला. वाऱ्याची वाट बघत बसण्यापेक्षा त्यानं तारच हवेत गरागरा फिरवली. हिशोब भलताच सोपा निघाला. वेग वाढला की सूर चढतो, तार जाड असली की उतरतो. तारेचा ताण किती, याच्याशी जवळजवळ संबंधच नाही! हवा तारेला घासते म्हणून सूर निघतो, असं स्ट्रौहालला वाटलं. म्हणजे आकडा बरोबर, कारण चुकीचं.

खरं कारण उलगडायला १९११ उजाडलं. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांचा विद्यार्थी हिमेन्झ वाहत्या पाण्यात गोल दांडा धरून मोजमाप करत होता. प्रवाह काही केल्या स्थिर होईना. प्रांटल म्हणाले, दांडा नीट गोल नसेल. त्यानं तो अगदी गोल करून घेतला. पाणी हलतंच आहे! मग पाण्याचा पाट नीट केला. तरी तेच. तिथंच काम करणारा तरुण थिओडोर फॉन कारमान रोज सकाळी विचारायचा, थांबलं का पाणी? बिचारा हिमेन्झ नाही म्हणायचा. शेवटी कारमानच्या डोक्यात आलं, दोष दांड्यात नाहीच. दांड्यामागे एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. असे आलटून पालटून सुटले तरच भोवऱ्यांची रांग टिकते, हे त्यानं गणितानं दाखवलं. आणि सुटणारा प्रत्येक भोवरा दांड्याला आडवा झटका देतो.

आता हेच तारेला लावा. २५ मिलिमीटर जाड तार, सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा, म्हणजे सेकंदाला साधारण २४ हेलकावे. लांब तारेला यातली कुठली ना कुठली लय जुळतेच. थरथर इतकी बारीक की धड दिसतही नाही, पण क्लॅम्पपाशी तार वाकून वाकून धातू थकतो. पत्र्याची पट्टी मागेपुढे वाकवून तोडतो ना, तसं. वादळी वारा सारखा बदलतो, त्यामुळे लय बसत नाही. मोकळ्या माळावरचा एकसारखा मंद वाराच घातक.

यावर तोड काढली कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज स्टॉकब्रिज या इंजिनिअरनं. १९२८ च्या त्याच्या पेटंटमध्ये तीन उपाय होते. एक तर चक्क धातूच्या तुकड्यांची पिशवी तारेला बांधायची! दुसरा, तारेला समांतर केबलचा तुकडा. टिकला तो तिसरा: ७६ सेंटिमीटरची केबल, दोन्ही टोकांना काँक्रीटची वजनं. तार थरथरली की वजनं झुलतात, केबलचे पदर एकमेकांवर घासतात आणि थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

आपल्याकडच्या टॉवर लाइनवरही तो आहे, फक्त वजनं आता धातूची. प्रवासात खिडकीतून बघा: टॉवरच्या जरा अलीकडे, तारेखाली लटकलेलं छोटंसं डंबेल.