पट्ट्याच्या रुंदीचा धडा

रक्तदाब मोजताना आपण आकडा पाहतो, पट्टा पाहत नाही. 1896 साली इटलीतील तुरीन येथे रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधला. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. कळे तो फक्त वरचा दाब. पट्टा सुमारे 5 सेंटिमीटरच रुंद होता. अरुंद पट्ट्याचा दाब खोलवरच्या रोहिणीपर्यंत पुरता पोचत नाही, म्हणून आकडा फुगतो. 1901 मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी ही त्रुटी दाखवून पट्टा रुंद केला. 1905 मध्ये रशियात कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोपने रोहिणीतील आवाज ऐकले. खालचा दाबही कळू लागला.

आज घरोघरी स्वयंचलित यंत्रे आली, तरी जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर निरोगी माणूसही रुग्ण ठरतो. म्हणून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीत टेकवावा आणि आधी पट्टा तपासावा.