लालबागच्या बेंजोचं मूळ गाव

लालबागच्या एका काकांकडून मी जुना बेंजो घेतला. मंडळानं डीजे आणला, तेव्हापासून तो माळ्यावरच होता. शिकायला यूट्यूबवर ‘बँजो’ शोधला, तर भलतंच वाद्य! चामड्याचं गोल तोंड, लांब मान. ते अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी घडवलेलं. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली, म्हणून नवशिक्यालाही सूर सापडतो.

मलाही सापडला, ठेका मात्र चुकतोच. काका म्हणाले, "बटणं कोणीही दाबेल रे, गणपती नाचतो तो उजव्या हातावर." आता रोज तोच हात घोटतोय. माळा रिकामाच राहू दे!